हानियाहून पत्र

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, मागे फोनवर तुम्ही म्हणालात, "आमचं फिरणं झालं आता, तू फीर." आई त्यावर काहीच बोलली नाही, आणि तिचं ते गप्प राहणंच माझ्या मनात राहिलं. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून पाठवते आहे. पुढच्या वर्षी दसरा झाला की तुम्ही दोघांनी माझ्याकडे स्टुटगार्टला यायचं आणि तिथून आपण तिघांनी ग्रीसच्या क्रीट बेटावर, हानियाला यायचं. आज दिवसभर मी हे गाव तुमच्यासाठीच पाहिलं. आईला पायऱ्या कुठे लागतील, सावली कुठे मिळेल, टेकायला जागा कुठे आहे, आणि बाबा कुठून तासभर हलणार नाहीत, हे सगळं बघत फिरले.

हानिया क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावर, पश्चिमेच्या बाजूला आहे. १९७१ पर्यंत बेटाची राजधानी हीच होती, मग ती इराक्लिओला गेली. जुनं बंदर लहानसंच आहे. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक स्वच्छ दिसतं. पाण्याला लागून फरसबंद रस्ता, त्यावर पिवळी, गेरूच्या रंगाची, फिकट गुलाबी घरं, आणि गावाच्या मागे लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर, २,४०० मीटरहून उंच. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ असतं. आत्ता ऑक्टोबरात उघडा चुनखडीचा दगड दिसतो, तोही पांढुरकाच.

सकाळी बुगात्सा खाल्ला. पातळ पापुद्र्यांत मिझिथ्रा नावाचं आंबटसर, किंचित खारट चीज भरून भाजतात, तुकडे करतात आणि वरून साखर भुरभुरतात. आई, खारट-गोड एकत्र तुला चालत नाही हे मला माहीत आहे, पण हा पदार्थ तू खाशील. दुकानातले सगळे म्हातारे रोजचे असावेत. कोणी बोलत नव्हतं, कोणी घाई करत नव्हतं, आणि रिकाम्या बशीसमोर बसून राहिलेल्या माणसाला कोणी उठवत नव्हतं.

मग बाबांची जागा. बंदराच्या पूर्वेकडच्या भागात दगडी कमानींच्या लांबलचक शेडा आहेत, त्यांना नेओरिया म्हणतात. तेव्हा इथे राज्य असलेल्या व्हेनिसच्या लोकांनी १५व्या शतकापासून त्या बांधायला घेतल्या. एके काळी दक्षिणेच्या काठावर सतरा होत्या, आता त्यांतल्या सात एकमेकींना खेटून उभ्या आहेत. प्रत्येक शेड सुमारे ५० मीटर लांब, समोरची बाजू तेव्हा थेट समुद्राला उघडी. वल्ह्यांची लढाऊ गलबतं हिवाळ्यात आत ओढून घ्यायची, तळ खरवडायचा, फळ्या बदलायच्या आणि वसंतात पुन्हा पाण्यात सोडायची. आपल्या मिऱ्यावर पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, तेच काम यांनी पाचशे वर्षांपूर्वी दगडी कमानींखाली आणलं. फक्त त्यांचा बंद हंगाम हिवाळ्याचा, आपला पावसाळ्याचा. पश्चिमेकडच्या एका शेडवर १८७२ मध्ये मजला चढवला आणि तिथे शाळा भरू लागली. आज तिथे भूमध्य सागराच्या परिसरातल्या वास्तुकलेचं केंद्र आहे आणि प्रदर्शनं भरतात.

बाबा, तुम्ही पत्तन म्हणजे बंदरांच्या खात्यात अख्खी नोकरी गाळ आणि लाटा यांच्याशी झगडण्यात काढलीत. हे बंदर बघाल तर तुम्हाला त्या व्हेनिसवाल्या इंजिनिअरांची कीव येईल आणि अभिमानही वाटेल. बंदराचं तोंड उत्तरेकडे. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की लाटा सरळ आत. म्हणून त्यांनी समुद्रातल्या खडकांच्या रांगेवर लांब बंधारा घातला, त्याच्या पश्चिम टोकाला वाट ठेवली आणि वाटेच्या तोंडावर दीपगृह उभं केलं. वेळ पडली तर दीपगृहापासून समोरच्या फिरकास किल्ल्यापर्यंत साखळी ताणून बंदर बंद करायचे. पण लाट अडवली की गाळ साचतो, हे तुम्हीच मला लहानपणी वाळूत काडीने रेघा ओढून समजावलं होतं. इथेही तेच झालं. बंदर सतत उपसावं लागे आणि मोठ्या जहाजांना ते कधीच पुरलं नाही. आता मोठी जहाजं जवळच्या सूडाच्या खाडीत लागतात.

दीपगृह आज मिनारासारखं दिसतं, कारण मूळचं व्हेनिसचं मोडकळीस आल्यावर १८३०च्या दशकात, क्रीट इजिप्तच्या मुहम्मद अलीच्या ताब्यात असताना, ते नव्याने बांधलं गेलं. बंधाऱ्यावरून तिथपर्यंत चालत जाता येतं. पण आई, ती वाट उंचसखल आहे, सावली अजिबात नाही, आणि गेलं तेवढं परतही यावं लागतं. तू जाऊ नकोस. दीपगृह काठावरच्या बाकावरून जास्त सुंदर दिसतं. बाबा आणि मी जाऊन येऊ तोवर तू कॉफी घे. ग्रीक कॉफी गाळत नाहीत, ती तळाशी बसेपर्यंत थांबावं लागतं. साखर आधीच घालून उकळतात, म्हणून मागतानाच सांगायचं. मध्यम गोड हवी तर 'मेत्रिओ'.

जेवायला मी स्प्लांझिया चौकात गेले. पाण्याच्या काठावरची हॉटेलं टाळायची, तिथे दारात उभं राहून हाका मारतात आणि निवांतपणा जातो. स्प्लांझियात मोठ्या झाडाखाली टेबलं मांडलेली असतात. समोर सेंट निकोलसचं चर्च आहे, आणि त्या चर्चला एका बाजूला घंटेचा मनोरा, दुसऱ्या बाजूला मिनार! चौदाव्या शतकात डॉमिनिकन साधूंनी ते बांधलं. १६४५ मध्ये तुर्कांनी गाव जिंकल्यावर त्याची सुलतान इब्राहिमच्या नावाची मशीद झाली, आणि १९१८ मध्ये ते ऑर्थोडॉक्स चर्च झालं. मिनार कोणी पाडला नाही. बाबा, १६४५ म्हणजे रायरेश्वराच्या शपथेचं आपल्याकडे जे साल सांगतात तेच. इथे व्हेनिस हरत होतं तेव्हा सह्याद्रीत काय चाललं होतं, हा विचार करत मी बराच वेळ त्या दोन मनोऱ्यांकडे बघत बसले.

या चौकात तुर्कांविरुद्धच्या १८२१च्या उठावाच्या वेळी तुर्कांनी किसामोसच्या बिशपला, मेल्किसेदेकला, फाशी दिली. आणि १९२३च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत क्रीटचे मुसलमान, ज्यांच्यातले कितीतरी घरातसुद्धा ग्रीकच बोलत, पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून तुर्कस्तानात गेले, आणि तिकडून ख्रिस्ती निर्वासित इकडे आले. दोन्हीकडच्या दुःखांची जागा ही एकच. तिथे आज शाळेतून आलेली पोरं फुटबॉल खेळत होती.

जेवणाचं सांगते, नाहीतर आई म्हणेल मुख्य गोष्ट राहिली. दाकोस म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा, ऑलिव्ह तेल आणि ओरेगानो. तो पाच मिनिटं मुरू द्यायचा. स्तामनागाथी नावाची कडवट रानभाजी नुसती उकडून तेल आणि लिंबू घालून देतात. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास पुष्कळ, त्यामुळे मांस-मासे नसलेले पदार्थ प्रत्येक खाणावळीत असतात. तुझा सोमवार इथे आरामात निघेल. शेवटी न मागता फळांची बशी आणि त्सिकुदिया नावाची द्राक्षाच्या चोथ्याची दारू आणून ठेवतात. नको म्हटलं तर कोणी राग मानत नाही.

दुपारी गावातली बरीच दुकानं बंद होतात आणि लोक घरी जाऊन झोपतात. मीही झोपले. बाबा, सहलीत दुपारी झोपायचं नाही हा तुमचा नियम इथे मोडायचा आहे.

उठल्यावर ज्या गल्लीत गेले, तिथलं मात्र मन घट्ट करून लिहिते. फिरकासच्या मागे एव्रायकी, म्हणजे ज्यूंची जुनी वस्ती आहे. तिथे एत्झ हायिम नावाचं छोटं प्रार्थनाघर आहे. २९ मे १९४४ रोजी पहाटे जर्मनांनी इथल्या सगळ्या ज्यूंना घराबाहेर काढलं. नंतर त्यांना 'तानाइस' नावाच्या जहाजात कोंबलं. ९ जूनला ब्रिटिश पाणबुडीने ते जहाज शत्रूचं समजून बुडवलं. शतकानुशतकं इथे राहिलेला समाज त्या एका पहाटे संपला. ओस पडलेली ती वास्तू निकोस स्ताव्रुलाकिस यांनी पुन्हा उभी केली आणि १९९९ मध्ये ती उघडली. अंगणात झाडं आहेत, बसता येतं. मी जर्मनीत राहते, तिथलाच पगार घेते, म्हणून मला तिथून लवकर उठवेना. तुम्हाला मी तिथे नेणार आहे. सुट्टीत हे कशाला, असं तुम्ही म्हणणार नाही याची मला खात्री आहे.

गावाच्या अंगावर १९४१च्या मे महिन्यातल्या जर्मन बॉम्बवर्षावाच्या खुणाही आहेत. काही घरांची छपरं उडाली ती कायमची. त्या चार भिंतींत आता आभाळाखाली खाणावळी चालतात. त्याच भागात, कास्तेलीच्या टेकाडावर, रस्त्याच्या कडेला कठड्यामागे मिनोअन, म्हणजे क्रीटच्या प्राचीन संस्कृतीच्या, काळातल्या किदोनिया नगराचं उत्खनन दिसतं, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. तिथे चढ थोडा आहे, सावकाश जाऊ.

संध्याकाळी फिरकास. १ डिसेंबर १९१३ रोजी क्रीट ग्रीसमध्ये सामील झालं तेव्हा राजा कॉन्स्टंटाइन आणि पंतप्रधान वेनिझेलॉस यांच्या समोर याच किल्ल्यावर ग्रीक झेंडा चढवला. वेनिझेलॉस इथल्याच मुर्निएस गावचे. किल्ल्यात समुद्री संग्रहालय आहे, ते बाबांसाठी राखून ठेवलं, मी आत गेलेच नाही. सूर्य खाली गेला की सगळं गाव काठावर फिरायला येतं. आजी-आजोबा हातात हात घालून, अगदी हळू चालतात, आणि मागचा माणूस त्यांना ओलांडून जायची घाई करत नाही. आई, हे बघून मला तुझी फार आठवण आली. गुडघे दुखायला लागल्यापासून तू माणसांत जाताना कडेकडेने चालतेस. इथे मध्यातून चालशील.

आता कामाचं. दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढून मुदत बघा आणि मला फोटो पाठवा. मुक्काम जास्त माझ्याकडे असेल, म्हणून शेंगेन व्हिसा जर्मनीचा काढू, तोच ग्रीसलाही चालतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल, त्या दिवशी मामाकडे उतरा, मी त्याच्याशी बोलते. आईने डॉक्टरांना विचारून विमानात पायांना घालायचे पट्टे घ्यावेत. मी बंदराजवळ एका घरातली तळमजल्यावरची खोली बघून ठेवली आहे, तिला एकच पायरी आहे. घरमालकीण बाईंना पुढच्या ऑक्टोबरचं सांगून आले. त्यांना नक्की तारखा दिवाळीपर्यंत हव्या आहेत, तेव्हा बाबा, कॅलेंडर बघून या रविवारी कळवा.

तुमची,
मनू