शाखा तोलताना हंगामही पाहा

थकबाकीच्या प्रमाणावरून कोकणातील बँक शाखांना अकार्यक्षम ठरवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. निष्कर्ष पटला नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका शाकारून ठेवलेल्या, कमाई शून्य, हप्ता मात्र चालूच. तो ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादित, म्हणजे वसुली रखडलेले, ठरते. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. नवी बाग उत्पन्नावर यायला पाच-सहा वर्षे जातात. तोपर्यंत वसुलीसाठी वाडीवाडीत फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला दोष का द्यायचा? तुलना करायचीच तर किनाऱ्यावरच्या शाखांची आपसांत करावी आणि नौकांचे हप्ते ऑगस्ट ते मे याच काळात बांधून द्यावेत.

– एक वाचक, दापोली