सर्व्हर बंद पडल्यावर सूत्रे कोणाकडे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खान्देशातील एखाद्या पतसंस्थेचा वा बाजार समितीचा डेटाबेस बंद पडला, तर रावेर-सावद्याच्या केळी उत्पादकाचे पैसे अडकतात; म्हणून ‘ऑटोमॅटिक फेलओव्हर’चे, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद पडताच त्याचे काम आपोआप दुसऱ्या सर्व्हरकडे सोपवण्याचे, साधन निवडताना संस्थांनी केवळ दरपत्रक पाहू नये, ही कळकळीची विनंती.

पोस्टग्रेस हा डेटाबेस स्वतःहून मुख्य सर्व्हर बदलत नाही. त्यासाठी पॅट्रोनी किंवा रेपएमजीआरसारखे साधन लागते. पॅट्रोनी मुख्य सर्व्हर कोणता, याची नोंद एटसीडीसारख्या स्वतंत्र प्रणालीत ठेवते आणि मूळ सेटिंगनुसार ३० सेकंदांत तिचे नूतनीकरण झाले नाही, तर डेटाची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरला मुख्य म्हणून पुढे आणते. मात्र एटसीडीला तिच्या यंत्रांचे बहुमत लागते, म्हणजे निम्म्याहून अधिक यंत्रे चालू असावी लागतात. दोन यंत्रांपैकी एक गेले की बहुमत संपते, म्हणून किमान तीन यंत्रे हवीत. आणि तीही एकाच खोलीत, एकाच इन्व्हर्टरवर ठेवली, तर खर्च वायाच गेला म्हणायचा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या प्रोग्रामरांच्या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाचे नेटवर्क अवघे ४३ सेकंद तुटले, ऑर्केस्ट्रेटर या तशाच फेलओव्हर साधनाने अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरील मायएसक्यूएल डेटाबेसच्या सर्व्हरला मुख्य केले, आणि तिकडे न पोहोचलेल्या नोंदींमुळे सेवा २४ तासांहून अधिक काळ विस्कळीत राहिली. शेवटची नोंद गमावणे चालेल की थोडा वेळ व्यवहार थांबणे, हे संचालक मंडळाने आधी ठरवावे. पतसंस्थेने तरी थांबणेच पत्करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरवठादाराने मुख्य सर्व्हरची वीज सर्वांसमक्ष तोडून चाचणी दाखवावी, ही अट निविदेतच घालावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, जळगाव