तिसऱ्या दिवशीच बाळाचे डोळे बघणाऱ्या आशाताईंना

आशाताई, सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात बाळंतपण झालं की घरी तुमच्या भेटी ठरलेल्या: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस. वजन, ताप, नाळ बघून झाल्यावर तुम्ही बाळाला उजेडाकडे धरून दोन्ही बाहुल्या निरखता आणि पांढरं दिसलं की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देता, कारण तो जन्मजात मोतीबिंदू, म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ झालेलं असू शकतं. त्यासाठी मनापासून आभार. एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया सहा आठवड्यांच्या सुमारास व्हावी लागते, म्हणजे तुमच्या शेवटच्या भेटीपर्यंत. दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ-दहा आठवडे मिळतात. त्यानंतर ते गढूळ भिंग काढलं तरी मेंदू त्या डोळ्याने बघायला नीट शिकत नाही.

भिंगाच्या पुढच्या टोकावरचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका बहुधा बघण्याच्या आड येत नाही. त्यावर नुसतं लक्ष ठेवतात. मधोमध 3 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा डाग मात्र वाट अडवतो. आणखी एका प्रकारात कांद्याचा एखादाच पापुद्रा धुरकट व्हावा तसा भिंगाचा एक थर गढूळ होतो, आतला गाभा स्वच्छ. तो बाहेरून सहसा कळत नाही. अंधाऱ्या खोलीत ऑफ्थॅल्मोस्कोपने, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून आत बघायच्या उपकरणाने, बाहुलीतली लाल चमक बघावी लागते. आणि पांढरी बाहुली डोळ्याच्या कर्करोगाचीही असू शकते, म्हणून तुमची ती घाई फार मोलाची.

घरचे सुनेला “ग्रहण पाळलं नाहीस” म्हणून बोल लावतात, तेव्हा तुम्ही नेमकं विचारता. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तुला ताप-पुरळ आला होता का? नात्यात कुणाला लहानपणीच मोतीबिंदू होता का? दूध प्यायल्यावर बाळ उलट्या करतं का, कावीळ दिसते का? पहिल्या उत्तरावरून रुबेलाचा संशय येतो. मग हृदय आणि कानही तपासतो. दुसऱ्यावरून आनुवंशिक दोष. तिसऱ्यावरून गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे दुधातली साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार, ज्यात अंगावरचं दूधसुद्धा थांबवावं लागतं. ते वेळेत थांबलं तर कोवळा मोतीबिंदू विरळही होतो. एका डोळ्यातल्या मोतीबिंदूचं कारण बहुतेकदा सापडतच नाही. हेही त्या आईला तुम्हीच समजावता.

ऑपरेशननंतर चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स येते, आणि एकाच डोळ्याचं ऑपरेशन असेल तर पट्टी चांगल्या डोळ्यावर, म्हणजे ऑपरेशन झालेला डोळा बघायला शिकतो. बाळ रडलं की आजी ती काढून टाकते. पट्टी चांगल्याच डोळ्यावर का, हे ओट्यावर बसून तिला पुन्हा पुन्हा सांगता, त्याचेही आभार.

आपले,
लहान मुलांचे डोळे तपासणारे आम्ही