काकू, सहापैकी चार रुजल्या!

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

तुम्ही लावायला दिलेल्या रोझमेरीच्या, स्वयंपाकातल्या त्या सुवासिक झुडपाच्या, सहा काड्यांपैकी चार रुजल्या. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं झालं" म्हणून विषय बदलता आणि आभार मानू देत नाही. म्हणून हे पत्र, तेही उघड, चारचौघांत.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा माझ्या खिडकीत मेलेल्या काड्यांची रांग लागली होती. त्यांच्याकडे बघून कुणी हळहळलं होतं, कुणी "तुझ्या हाताला झाडं लागत नाहीत" असा निकाल देऊन मोकळं झालं होतं. तुम्ही मात्र खुर्ची ओढलीत, एकेक काडी उपटलीत आणि चक्क तिचं खालचं टोक हुंगलंत. "ही बुडून मेली. ही तहानेनं गेली. आणि ही तर लावली तेव्हाच जून होती." माझा हात निर्दोष सुटला, चुका तेवढ्या सापडल्या. काकू, मला खरे आभार त्या दहा मिनिटांचे मानायचे आहेत.

बुडालेल्यांची टोकं काळी आणि बुळबुळीत झाली होती. मी बागेतली चिकट माती भरून रोज पाणी घालत होते. मुळं फुटायलाही हवा लागते, हे माझ्या गावीच नव्हतं! तुम्ही सांगितल्यावर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) निम्मं निम्मं घेतलं. तहानेनं गेलेल्यांची गोष्ट उलटी होती. खाली ओल असूनही त्या वाळल्या, कारण पानांतून पाणी उडत राहतं आणि ते भरून काढायला मुळंच नसतात. म्हणून खालची निम्मी पानं काढायची, वर प्लॅस्टिकची पिशवी घालायची आणि उजेड द्यायचा, पण थेट ऊन नाही. मी त्यांना ऊन हवंच म्हणून कडक उन्हात ठेवत होते.

काडी कुठली घ्यायची, हे तुम्ही तुमच्या झाडापाशी नेऊन दाखवलंत. शेंड्याकडचा भाग हिरवा, लुसलुशीत. तो पटकन कुजतो. बुंध्याकडचं तपकिरी लाकूड मुळं धरायला फार वेळ लावतं, कित्येकदा धरतच नाही. आपल्याला हवा तो यांच्या मधला तुकडा, खाली नुकता लाकूड व्हायला लागलेला आणि वर अजून कोवळा. दहा-बारा सेंटिमीटरचा, फुलं नसलेला, कारण फुलावर आलेल्या काडीची ताकद फुलातच जाते. काप पानांच्या गाठीच्या जरा खाली, धारदार पात्यानं. (माझी कात्री बोथट होती. ती काडी कापत नव्हती, चेंगरत होती.) मी मुळं फुटायची पावडर थापून लावायला निघाले तेव्हा तुम्ही डबी काढून घेतलीत. त्यातलं इंडोल ब्युटिरिक अ‍ॅसिड चिमूटभरच पुरतं, जास्त झालं तर उलटं मुळांनाच मारक ठरतं.

रोझमेरीसारख्याच सुवासिक सेजच्या बाबतीत मात्र मी आगाऊपणा केला. रोझमेरीला पिशवी चालली म्हणून सेजलाही घातली आणि तिच्या लवदार पानांवर आठवड्यात बुरशी आली. तुम्ही म्हणाला होतात की या दोघी बहिणी, पण स्वभाव वेगळे. बहिणी म्हणजे बोलायची पद्धत असेल असं मला वाटलं होतं. पण वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये रोझमेरीला खरोखरच सेजच्या साल्व्हिया या प्रजातीत घातलंय! दुसऱ्या खेपेला सेज पिशवीशिवाय सावलीत ठेवली आणि ती तगली.

सगळ्यात अवघड गेलं ते काही न करणं. दर दोन दिवसांनी काडी उपटून बघायची माझी सवय तुम्ही ओळखून होतात. नवी मुळं केसासारखी असतात, उपटली की तुटतात. "सहा आठवडे हात लावलास तर मला तोंड दाखवू नकोस," हे शब्द मी कुंडीवर चिकटवून ठेवले होते. सहाव्या आठवड्यात एकीला दोन बोटांत धरून अगदी हलकेच ओढलं, तर ती सोडेना. मी खिडकीपाशी एकटीच हसत उभी होते.

आता एक काम. तुमचं मूळ झाड खाली पार उघडं आणि लाकडी झालंय, आणि तिथून नवी फूट येणं कठीण, असं तुम्हीच म्हणाला होतात. बियांपासून केलेलं रोप वेगळं निघू शकतं, पण काडीचं रोप म्हणजे तेच झाड, तोच वास. चारांतलं सगळ्यात जोमदार रोप मी तुमच्यासाठी काढून ठेवलंय. पिशवी आठ दिवस थोडी थोडी उघडून त्याला मोकळ्या हवेची सवय केली आहे आणि बाजूनं फुटावं म्हणून शेंडाही खुडला आहे. रविवारी घेऊन येते. उपटून बघू नका.

तुमची,
खिडकीवाली