वारा नव्हता साहेब, इंजिन सरळ बसवलं होतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्याकडच्या रिमोटवाल्या विमानांच्या रेसची बातमी आली, फोटो भारी होता, पण "वाऱ्यामुळे विमान कोसळले" हे वाचून राहवलं नाही. मी तिथंच होतो. सोयाबीन काढलेलं वावर, बांधावरच्या बाभळीचं पान हलत नव्हतं. पोरानं फुल थ्रॉटल देऊन विमान हातातून सोडलं आणि दहा-बारा फुटांतच ते डावीकडं लोळून धसकटात घुसलं. मी नाकाचा तुकडा उचलून बघितला तर इंजिन फायरवॉलवर, म्हणजे नाकातल्या ज्या आडव्या फळीवर ते बसवतात तिच्यावर, एकदम सरळ, शून्य अंश.

शेपटाकडून बघितलं तर प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा, घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्याची उलटी ओढ विमानाला डावीकडं लोळवते, त्यात प्रॉपची हवा गरगरत मागं जाऊन शेपटाच्या उभ्या पंखाला डाव्या अंगानं धडकते आणि नाक अजून डावीकडं जातं. वेग आला की रडर (उभ्या पंखाचा मागचा हलणारा भाग) धरतो, पण सोडताना वेग नसतो आणि इंजिन पूर्ण जोरात असतं, सगळा घोळ तिथंच होतो. म्हणून इंजिन थोडं उजवीकडं वळवून बसवायचं, याला राईट थ्रस्ट म्हणतात. कुणी म्हणतं रडरला ट्रिम देऊन, म्हणजे तो कायमचा थोडा उजवीकडं वळवून भागवू, पण तो ट्रिम थ्रॉटल कमी केल्यावरही तसाच राहतो मग उतरताना विमान उजवीकडं पळतं. आणि रेसमधी सगळे वळसे डावीकडंच असतात म्हणून डावी ओढ असलेली बरी, हे तर मला अजिबात पटत नाही, हातातून सुटलंच नाही तर वळसा कुठला?

रेसच्या विमानाला एक-दोन अंश पुरतात. माउंटची (इंजिन धरणाऱ्या चौकटीची) डावी-उजवी भोकं ४० मिलीमीटर अंतरावर असतील तर डाव्या बाजूच्या बोल्टांखाली, माउंट आणि फायरवॉलच्या मधी, ०.७ मिलीमीटरचा वॉशर घातला की एक अंश झाला. फक्त इंजिन आधीच जरा डावीकडं सरकवून बसवा, नाहीतर स्पिनर (प्रॉपच्या मधली टोपी) मधोमध येत नाही. मग प्रॉप आडवा धरून दोन्ही टोकांपासून शेपटाच्या मध्यापर्यंत दोरा लावायचा, १० इंची प्रॉपला २ अंश बसले असतील तर डाव्या टोकाचा दोरा साधारण ९ मिलीमीटर जास्त भरतो. डोळ्याच्या अंदाजानं हे जमत नाही, मी स्वतः फसलोय. सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथं साधतो ती जागा, मात्र आधी तपासा.

हे एवढं लिहायचं कारण, त्या लेकराच्या वडिलांनी बातमी वाचली आणि वाऱ्यानं पडणाऱ्या खेळण्यात पैसे घालणार नाही म्हणाले. पोरानं नवीन फायरवॉल प्लायची कापून ठेवलीय, वॉशर मी दिलेत. तेवढी दुरुस्ती छापा साहेब, तुमच्या पेपरात आलं तर ते ऐकतील.

आपला,
एक नेहमीचा वाचक, परभणी