केळीचे भाव रोज छापता, तसे विहिरीतल्या पाण्याचे आकडेही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट होती, जिल्ह्याची भूजल पातळी सरासरी अमुक मीटरने खाली गेली म्हणून. वाचलं आणि पेपर बाजूला ठेवला, कारण त्या आकड्याचं मी करू काय? मी यावल तालुक्यातला केळीवाला, पाच एकर बाग, दोन बोअर, त्यातली एक मेलेली. माझ्या शेतात सरासरी पाणी येत नाही. पाणी येतं ते खालच्या वाळूतून, आणि ती वाळू माझ्या बांधाखाली आहे की शेजाऱ्याच्या, एवढाच माझा प्रश्न असतो.

आमच्या गावच्या चौकातली विहीर ही सरकारची निरीक्षण विहीर आहे, कठड्यावर लाल रंगात नंबर टाकलेला आहे. लहानपणापासून बघतोय, वर्षातून काही वेळा खात्याचा माणूस मोटारसायकलवर येतो, पिशवीतून टेप काढतो, टेपच्या टोकाला वजन असतं, ते खाली सोडतो आणि कान देऊन ऐकतो. डुबूक झालं की बोटाने टेप धरायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, चहा असला तर प्यायचा, निघाला. एकदा मी विचारलं, काका तुम्ही वाचता एक आणि लिहिता दुसरंच, असं का? तर म्हणाले, कठड्याची उंची वजा करावी लागते बाळा, मोजायचं जमिनीपासून. इतकं काटेकोर काम. आणि चाळीस वर्षांत तो आकडा आमच्या गावात कोणालाच माहीत नाही. म्हणजे विहीर आमची, पाणी आमचं, पगार आमच्या पैशातून आणि आकडा मात्र वहीत बसून तालुक्याला गेला की संपलं. कोणी लपवतं असं माझं म्हणणं नाही. आम्ही कधी मागितलाच नाही, हेही खरंच.

माझे आजोबा विहिरीची खोली परसात सांगायचे, सात परस, नऊ परस, एक परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढं. आम्ही फुटात बोलतो. सरकार मीटरमध्ये लिहितं. तिन्ही पिढ्यांची मापं वेगळी, पाणी मात्र सरळ खालीच चाललंय.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये जुन्या बोअरचं पाणी कमी पडायला लागलं, बाग निसवणीवर म्हणजे घड बाहेर पडायच्या बेतात आलेली, ऊन असं की पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसेल. घरात चर्चा झाली आणि पाणाड्या आणला, हातावर नारळ ठेवून चालणारा. नारळ उभा राहिला ती जागा आम्ही धरली. रिग लागली, दिवस रात्र घरघर, १८० फुटावर ओली वाळू आली तेव्हा घरातल्यांनी पेढे आणले (खरंच आणले) आणि त्यानंतर जी पिवळी चिकट माती सुरू झाली ती ४८० फुटापर्यंत संपली नाही. नुसता चिखल. बोअरवाला पण शेवटी म्हणाला, भाऊ आता बस करा. केसिंग टाकलंच नाही, तरी सव्वा लाख गेले, आणि आता तिथे एक झाकण घातलेलं भोक आहे ज्याच्यावर मी दोन मोठे दगड ठेवलेत, पोरं खेळतात म्हणून.

त्याच्यानंतर काही महिन्यांनी एक तरुण भूवैज्ञानिक भेटला, कामासाठी आमच्या भागात फिरत होता. त्याने मोबाईलवर एक नकाशा दाखवला, जमिनीचा उभा छेद, केक कापल्यासारखा. कुठे गोटे, कुठे वाळू, कुठे चिकणमाती, आणि किती फुटापासून किती फुटापर्यंत. सरकारने वर्षानुवर्षं शोधासाठी ज्या बोअर घेतल्या त्यांच्या नोंदीवरून काढलेला. आमच्या शिवारात चिकणमातीचा जाड पट्टा आहे आणि वाळूचा पट्टा नाल्याच्या जुन्या वाटेकडे आहे, असं त्याने बोटाने दाखवलं. माझ्या झाकणापासून जेमतेम पाव किलोमीटर, आणि तिकडे पण माझंच दीड एकर आहे! मी त्याला म्हटलं, साहेब हे आधी का नाही सांगितलं, तर तो हसला, मला कुठं माहीत तुम्ही कुठं बोअर घेणार ते. खरं आहे त्याचंही. मग तो नकाशा मिळेल का म्हणून मी एका हापिसात गेलो, तिथून दुसऱ्यात, तिथून परत पहिल्यात, तिसऱ्या फेरीला मी वडापाव खाऊन घरी आलो. कुठली हापिसं ते लिहीत नाही, त्यात अर्थ नाही.

सातपुड्याच्या पायथ्याची जमीन कशी बनली हे मला त्या पोराकडूनच कळलं आणि शाळेत हे का शिकवलं नाही याचा राग आला. डोंगरातून नाले धावत येतात आणि सपाटीवर आले की वेग मोडतो, मग मोठे गोटे पायथ्याशीच टाकतात, पुढे जाडी वाळू, आणखी पुढे तापीकडे बारीक माती. पायथ्याच्या त्या दगडगोट्यांच्या पट्ट्याला भूगर्भवाले बझाडा म्हणतात. तिथे पावसाचं पाणी चाळणीतून गेल्यासारखं खाली उतरतं. आमच्या सगळ्या केळी पट्ट्याचं बँक खातं तिथे आहे असं समजा. भरणा वर पायथ्याला होतो आणि काढणारे आम्ही खाली हजारो जण, रावेर यावल चोपडा सगळे. म्हणून तर सरकारच्या भूजल अहवालात रावेर आणि यावल अतिशोषित म्हणून येत राहिले. म्हणजे वर्षाला जेवढं मुरतं त्याच्या शंभर टक्क्यांपेक्षा जास्त उपसलं. सत्तर टक्क्यांपर्यंत सुरक्षित धरतात आणि शंभरच्या वर गेलं की अतिशोषित. आमच्या सुकी नदीला जुन्या लोकांनी सुकी नाव उगाच दिलं नसेल.

आणि तापीच्या पलीकडे तर सगळंच वेगळं. माझी बहीण पारोळ्याकडे दिलीय. तिकडे काळा पाषाण, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला त्याचा. वरचा मुरूम आणि मधला मांजऱ्या, म्हणजे भोकंभोकं असलेला मऊ दगड, यातच काय ते पाणी, सलग पाषाणात फट लागली तर लागली, नाहीतर रिगमधून नुसती राखेसारखी भुकटी उडते. मेहुण्याने शेजाऱ्याचं बघून ३०० फूट मारली, दीडशेच्या खाली भुकटीच. फोनवर म्हणे, "खाले पानीच नही शे भाऊ, काय करू." आमच्याकडे खोल गेलं तर निदान आशा असते, त्यांच्याकडे खोल जाणं म्हणजे पैसे खड्ड्यात. धुळे नंदुरबारकडे तर आणखी एक गंमत, जमिनीत उभ्या दगडी भिंती आहेत, डाईक म्हणतात त्यांना, लाव्हा भेगांत थिजून झालेल्या, मैलोनमैल पूर्व-पश्चिम गेलेल्या. साक्रीकडे जाताना काही टेकड्या अशा सरळ रेषेत दिसतात की वाटतं कोणी बांधच घातलाय. अशा भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी अडतं आणि खालच्या अंगाची विहीर कोरडी, असं घडतं. आता या सगळ्याची सरासरी काढायची आणि चौकटीत छापायची. संपादक साहेब, रागावू नका, पण ही तर तापवलेल्या दुधाची आणि बर्फाची सरासरी झाली.

पाणी मुरवायचं म्हटलं की धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो पण जरा वेगळ्या कारणाने. सुरेश खानापूरकर हे राज्याच्या भूजल खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक, त्यांनी तिथे नाले रुंद आणि खोल केले, बंधारे घातले, आटलेल्या विहिरींत पाणी सोडलं. लोकांनी त्यातलं जेसीबी तेवढं बघितलं. त्या माणसाला जमिनीच्या पोटात काय आहे ते आयुष्यभर मोजून माहीत होतं, कुठला थर फोडायचा, कुठे थांबायचं. हे कोणी बघितलं नाही. मग गावोगावी नाला खोलीकरण सुरू झालं, आमच्याकडेही झालं. आमचा नाला जेसीबीवाल्याने खणत खणत नेमका चिकणमातीवर नेऊन ठेवला. आता पावसाळ्यात तो तुडुंब भरतो, दिवाळीपर्यंत पाणी दिसतं, फोटो छान येतात, आणि शेजारच्या विहिरीला काडीचा फरक नाही, कारण पाणी मुरतच नाही, उन्हाने उडून जातं. म्हशींना मात्र बरं झालं. एक भूवैज्ञानिक अर्धा दिवस उभा राहिला असता तर पन्नास पावलं वर, वाळूवर खणलं असतं.

आता तर तापी मेगा रिचार्ज येतंय. १० मे २०२५ ला भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी करार केला, खारिया गुटीघाटला तापीवर बांध, तिथून कालवे सातपुड्याच्या पायथ्याने आणि पुराचं पाणी त्या बझाडा पट्ट्यात मुरवायचं, एकूण ३१.१३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) आणि त्यातलं १९.३६ महाराष्ट्राला. कल्पना मला मनापासून पटते, जिथे चाळणी आहे तिथेच पाणी ओतायचं, यात चूक काय. पण माझ्यासारख्या अडाण्यालाही एक शंका येते की पुराचं पाणी गढूळ असतं, त्यातला गाळ चाळणीच्या भोकात बसला तर? तो कुठे आणि कसा बसवणार, दर वर्षी कोण काढणार? आणि कोणत्या गावाच्या विहिरीला याने पाणी चढेल, कोणत्या नाही? अभ्यास करणाऱ्यांनी याचा विचार केलाच असेल, तर मग तो सोप्या मराठीत आमच्या मंदिरात भिंतीवर लावायला काय हरकत आहे. नाहीतर परत आम्ही नारळ घेऊन फिरणार आणि कालवा कुठून जाणार या अफवेवर जमिनी विकणार. दोन्ही सुरू झालंय.

कायद्याचं पण तसंच. राज्याचा भूजल कायदा २००९ चा, २०१४ पासून लागू, ६० मीटरच्या खाली गेली की ती खोल विहीर आणि शेतीसाठी तशी खणायला बंधन. ६० मीटर म्हणजे २०० फूट. आमच्या गावात २०० फुटावर थांबलेली बोअर दाखवा आणि हजार रुपये न्या. मी स्वतः ४८० गेलो, कबूल करतो. दंडाची भीती नव्हती, खाली किती शिल्लक आहे याची माहितीही नव्हती, आणि माहिती नसली की माणूस शेजाऱ्याच्या आधी काढून घेतो. सोपं गणित आहे. अटल भूजल योजनेत जळगाव जिल्हा होता, त्यात गावाने बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, जमा किती खर्च किती, ही गोष्ट मला त्या योजनेतली सगळ्यात कामाची वाटली. निधी संपला तरी ताळेबंद मांडायला पैसे लागत नाहीत, आकडा लागतो.

आकडा तर आहे ना. राज्याची यंत्रणा वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपता संपता. आता काही ठिकाणी पाईपात यंत्र सोडलंय, ते आपोआप मोजून मोबाईलच्या सिमवरून पाठवतं. केंद्रीय भूजल मंडळाने २०१२ पासून देशभर जमिनीखालच्या पाण्याच्या थरांचे नकाशे केले. हे सगळं इंटरनेटवर आहे म्हणतात, पोराला शोधायला लावलं तर तासाभराने एक इंग्रजी पीडीएफ निघाली, शंभरावर पानं. त्यात आमच्या पाणलोटाला टीई ने सुरू होणारा एक नंबर आहे, गावाचं नाव शोधून शोधून डोळे गेले.

म्हणून मागणं सरकारकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त. तुम्ही रोज केळीचे भाव छापता, रावेरचा, बऱ्हाणपूरचा, आम्ही सकाळी पहिले तेच बघतो. तसंच वर्षातून चार वेळा अर्धं पान द्या आणि प्रत्येक निरीक्षण विहिरीचा आकडा गावाच्या नावासकट छापा, फुटात, शेजारी मागच्या वर्षीचा. पावसाळ्यानंतरचा आकडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी आला तर फार बरं, कारण त्याच सुमारास कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरता लावायच्या केळीची, रोपं बुक करायची असतात. विहीर गेल्या वर्षीपेक्षा पंधरा फूट खाली आहे असं छापून आलं तर मी पाच एकराऐवजी तीन एकर लावेन. शेजारीही कमीच लावेल, कारण तोही तुमचाच पेपर वाचतो, फुकट, माझ्याच ओट्यावर बसून.

सुरुवात मीच करतो. परवा सकाळी पोराला बरोबर घेऊन चौकातल्या विहिरीत टेप सोडला, टोकाला जुन्या मोटरचं नट बांधलं. ९४ फूट गेला, डुबूक झालं नाही, टणकन वाजलं. कठडा अडीच फूट. म्हणजे जमिनीपासून साडेएक्क्याण्णव, कोरडी. छापा.

आपला,
एक केळी उत्पादक,
ता. यावल, जि. जळगाव