काउंटरवरच्या मुलांना खरं बोलू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

धरमपेठ, गोकुळपेठ, सदर, मनीषनगर, जिकडे पाहावं तिकडे आता कॅफे आहेत. त्यांच्या काउंटरमागे उभी असलेली मुलं-मुली बहुतेक कॉलेज सांभाळून शिफ्ट करणारी असतात. मीही त्यातलीच एक. ग्राहक आमच्याशी नीट वागत नाहीत, असं नेहमी म्हटलं जातं. माझा अनुभव तसा नाही. नागपूरचा माणूस ‘भाऊ’, ‘ताई’ म्हणूनच ऑर्डर देतो. जीव अडकतो तो साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही तेव्हा.

टिपचंच घ्या. पूर्वी लोक सुटे पैसे हातात द्यायचे किंवा काउंटरवरच्या बरणीत टाकायचे. आता सगळे क्यूआर स्कॅन करतात. मी आधी काम करत होते त्या ठिकाणी एक काका बिलावर पन्नास रुपये जास्त टाकायचे आणि विचारायचे, “बेटा, हे वरचे तुलेच भेटतात न?” क्यूआर मालकाच्या खात्याचा. ते पन्नास रुपये दिवसाच्या विक्रीत जमा व्हायचे, आम्हा कुणाला मिळायचे नाहीत. मॅनेजर शेजारीच मशीनवर कॉफी काढत असायचा. अशा वेळी मुलं काय करतात? हसून “थँक्यू काका” म्हणतात आणि पुढचा कप उचलतात. देणाऱ्याला वाटतं पोरांना मिळाले.

सर्व्हिस चार्जचंही तेच. तो बिलात आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयानेही २८ मार्च २०२५ ला त्या सूचना कायम ठेवल्या. तरी बिलात ती ओळ दिसली आणि ग्राहकाने “हे द्यावंच लागते का?” असं विचारलं, तर “नाही, काढून देते” म्हणायची मोकळीक काउंटरवरच्या मुलीला असायला नको का? जीएसटी वेगळा. तो कर आहे आणि तो द्यावाच लागतो. लोकांची या दोन ओळींत गल्लत होते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती साखरेची. मधुमेह असलेला माणूस “साखर अजिबात नको” असं बजावून सांगतो. पण बऱ्याच ठिकाणी कोल्ड कॉफी तयार पावडरीतून बनते आणि त्या पावडरीत साखर आधीच असते. हेझलनट, व्हॅनिला, कॅरॅमल ही सिरप म्हणजे तर साखरेचा पाकच. अशा वेळी “साखर घातली नाही” याचा अर्थ फक्त वरून घातली नाही, एवढाच. खरं उत्तर असं आहे: काका, यात साखर आहेच, तुम्ही साधी ब्लॅक कॉफी घ्या. पण ती पडते स्वस्त, आणि महागडी ऑर्डर हातची गेली की बोलणी आम्हाला बसतात. हा कुणाच्या तरी तब्येतीचा प्रश्न आहे. यात विक्री मोजू नये.

ब्राऊनीत अंडं आहे का, हे तर रोज विचारलं जातं. एकादशी, श्रावण, पर्युषण असलं की जास्तच. आपल्याकडच्या नियमांत अंडं घातलेला पदार्थ मांसाहारीत मोडतो आणि बेकरीतून येणाऱ्या डब्यावर तशी खूण असते. मात्र माल काचेच्या कपाटात मांडला की डबा आत जातो आणि खूणही. नवीन लागलेल्या पोराला ते ठाऊकच नसतं, आणि “माहीत नाही” म्हणू नको, असं त्याला पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं.

एक कप घेऊन दुपारभर अभ्यास करत बसणाऱ्या एमपीएससीच्या मुलांना उठवायचं का, हाही नेहमीचा पेच. माझ्या मते दुपारी टेबलं रिकामीच असतात, बसू द्यावं. रविवारी संध्याकाळी दारात लोक उभे असतील तेव्हा समजावून सांगावं, ती मुलं ऐकतात. आणि मे महिन्याच्या उन्हात डिलिव्हरीवाल्या दादाने पाणी मागितलं तर ग्लासभर पाणी द्यायला आम्हाला परवानगी विचारावी लागू नये.

मालकांना कळकळीची विनंती आहे. टिपसाठी वेगळा क्यूआर ठेवा किंवा टिप घेऊच नका. कशात साखर, कशात अंडं, कशात सुका मेवा, याचा कागद काउंटरवर चिकटवा. त्याला एका प्रिंटपलीकडे खर्च नाही.

ग्राहकांनाही सांगते. टिप द्यायची तर रोख आणि हातात द्या. नको असलेला सर्व्हिस चार्ज काढत नसतील तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. आणि पदार्थाबद्दल शंका असेल तर “डबा दाखवा” असं स्पष्ट म्हणा. तुम्ही मागितलात तर तो आम्हाला आतून आणून दाखवता येतो, आपणहून नाही.

आपली,
एक कॅफे कर्मचारी, नागपूर
(कृपया नाव छापू नये.)